दोन मग, एक चाळणी आणि अख्खी सकाळ

मे महिना लागला की आमच्या ठाण्यातल्या, चरईच्या इमारतीत माहेरवाशिणी उतरायला लागतात. कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर, मागे चाकांची बॅग आणि मोबाइलमध्ये यादी. सकाळी येऊर, मग उपवन, दुपारी मॉलमधला प्ले एरिया, संध्याकाळी तलावपाळीला बोट, जमलं तर कोलशेतचं सेंट्रल पार्क. हे सगळं एकाच दिवसात. दुसऱ्या दिवशी तीच लेक माझ्या ओट्यावर येऊन बसते. "काकू, काल दिवसभर नुसता किरकिरला हो. इतकं फिरवलं तरी!" अगं बाई, फिरवलंस म्हणूनच.

मी 2003 पासून घरात पाळणाघर चालवते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि पुढे ओटा. एका वेळी सहाच मुलं घेते, एक ते तीन वयाची. पूर्वी ती मला मावशी म्हणायची, आता आजी म्हणतात, आणि मधलं "काकू" त्यांच्या आयांनी ठेवून घेतलंय. सुट्टीत पोराला बाहेर खेळायला कुठे नेऊ, असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, दुपारी झोपतो किती वाजता?

समजा साडेबाराला झोपतो. मग दिवस तिथून उलटा मोजायचा. साडेबाराला झोप, म्हणजे पावणेबाराला पानावर बसवायचं. त्याआधी आंघोळ, कारण मातीने माखलेलं असणार, आणि पाण्यात शिरलेलं पोर अर्ध्या तासाच्या आत बाहेर येत नाही. म्हणजे अकराच्या आत घरात पाऊल हवं. ही झाली थंडीच्या दिवसांतली वेळ. मे महिन्यात मी साडेनऊलाच पोरं घरी आणते आणि मधल्या वेळात मोरीत बादली भरून देते. बाहेरचा खेळ सकाळी पावणेसात ते नऊ, बस्स. ठाण्याचा उकाडा पाऱ्यात दिसत नाही. पारा 34 दाखवतो, पण हवा खाडीची, दमट. घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. लहान पोरं तर आपल्यापेक्षा भराभर तापतात. दिवाळीत याच्या उलट करा. फटाक्यांचा धूर सकाळी खाली बसलेला असतो, तेव्हा थोडं ऊन चढू द्या आणि मग निघा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. एक-दोन वर्षांच्या मुलाची दिवसभरात निदान 180 मिनिटं हालचाल व्हावी, असं त्यात आहे. हा आकडा वाचून आया बागेत तीन तास काढायला निघतात. अहो, ती मिनिटं दिवसभरात विखुरलेली धरलीत. जिना चढला, पलंगावरून उतरला, बादलीत मग बुडवला, सगळं त्यात आलं. आणि त्याच सूचनांमध्ये या वयाला 11 ते 14 तास झोप सांगितली आहे, तिकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही.

कुठे

एकच ठिकाण. तेही रिक्षाने पंधरा मिनिटांच्या आतलं. घोडबंदर रोडला राहणाऱ्याने तलावपाळीला यायचं नाही आणि आम्ही नौपाडा-चरईवाल्यांनी तिकडे जायचं नाही. सिग्नलला अर्धा तास अडकलं की पोर मांडीवर झोपतं, आणि ती अवेळची वीस मिनिटांची डुलकी दुपारची दोन तासांची झोप खाऊन टाकते. मग संध्याकाळी सातला घरात जे काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

मी पाचपाखाडीच्या कचराळी तलावाला जाते, महापालिकेच्या मुख्यालयाजवळ. नाव ऐकून पाहुणे नाक मुरडतात, पण सकाळी तिथे चालायला येणाऱ्यांची वर्दळ असते, झाडं आहेत, आणि आजी-आजोबांपैकी कोणीतरी पोराला "काय रे गुलामा" म्हणतंच. वसंत विहार, वर्तकनगरकडच्यांना उपवन बरं. येऊर मात्र पायथ्यावरूनच बघा. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं अंग आहे, तिथे बिबटे राहतात. दीड वर्षाच्या पोराला तिथे वर नेऊन काय दाखवणार? झाड त्याला इथेही दिसतं.

तलावपाळी, म्हणजे मासुंदा, सकाळी सातला वेगळंच ठिकाण असतं. कोपिनेश्वराच्या देवळातली घंटा ऐकू येते, गडकरी रंगायतनच्या बाजूला जरा मोकळं असतं. संध्याकाळी तिथे मोठ्यांनी जावं. दोन वर्षांच्या पोराच्या उंचीवरून तिथे नुसते गुडघे दिसतात. कोलशेतचं सेंट्रल पार्क 2024 मध्ये उघडलं, 20 एकरांहून मोठं आहे, बघण्यासारखं आहे. पण त्या 20 एकरांतल्या तुमच्या पोराला लागणार आहेत चार फरशा आणि एक पायरी. ओवळ्याची फुलपाखरांची बागही सगळे सुचवतात. फुलपाखरं ऊन चढल्यावर उडायला लागतात, आणि नेमकं तेव्हा तुमचं पोर मावळायला लागलेलं असतं. मूल पाच वर्षांचं झालं की न्या.

ठिकाण ठरलं की आदल्या संध्याकाळी एकट्याने चक्कर मारून या. घसरगुंडीचं तोंड उन्हाकडे आहे का, गटाराचं झाकण बसलंय का, फाटक बंद होतं का, भटकी कुत्री कुठे बसतात. सकाळी झाडाची सावली पश्चिमेला पडते आणि ऊन चढेल तशी आखडत जाते, म्हणून सतरंजी बुंध्याला लागून घालायची.

पिशवी

प्लास्टिकचे दोन मग. पिठाची जुनी चाळणी. एक स्टीलची वाटी, एक पळी. एक चेंडू, तोही घेतलाच पाहिजे असं नाही. खेळण्यांची बॅग घरी ठेवा. ती उघडली की पोर नाही, बाबाच खेळतात.

मग चड्ड्या दोन, पायजमे दोन, मलमलचा पंचा, साबणाची वडी डबीत, वापरलेली नॅपी बांधायला जुन्या पिशव्या. सुट्टीच्या आठवड्यात नॅपी सोडवायला घेऊ नका, तो वेगळा उद्योग आहे. कपडे जुने, सुती, पायजमा पायभर लांब, डासांमुळे. डोक्याला टोपी, आणि ती त्याने फेकली तर डोक्यावर ओला रुमाल. बूट म्हणाल तर मला ते पीऽपी वाजणारे अजिबात आवडत नाहीत, सगळ्या बागेला त्रास. पण एक कबूल करते, पोर झुडपामागे गेलं तर कुठे आहे ते कळतं.

थर्मासमध्ये तुमचा चहा न्या. हे मी गमतीने सांगत नाही. मोठं माणूस कंटाळलं की "चला, आता तिकडे जाऊ" सुरू होतं, आणि चहा असला की बूड एका जागी टिकतं.

खेळ

गेल्या मे महिन्यात नागपूरहून एक पावणेदोन वर्षांचा पाहुणा आला होता, आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींचा नातू. त्याच्या बाबांनी रिमोटची गाडी आणि बुडबुड्यांची बंदूक आणली होती. आम्ही तलावाच्या कडेच्या झाडांखाली बसलो. माळीदादांनी पाणी घालून पाइप बाजूला टाकला होता आणि त्याच्या तोंडातून थेंब थेंब गळत होतं. दोन फरशांच्या फटीतून पाण्याची एक बारीक रेघ निघाली होती, माझ्या करंगळीएवढी. वर पीतमोहर, खाली त्याच्या पिवळ्या चुरगळलेल्या पाकळ्यांचा सडा.

पोर रेघेपाशी उकिडवं बसलं. एक पाकळी उचलली, पाण्यात ठेवली. ती वीतभर गेली आणि खड्याला अडली. त्याने बोटाने ढकलली, ती फाटली. दुसरी घेतली. ती गेली. तो उठला, पाकळीबरोबर चार पावलं चालला, रेघ जिथे मातीत जिरत होती तिथे थांबला, आणि पाकळी गेली कुठे म्हणून हात मातीत घातला. परत आला. तिसरी पाकळी. मी घड्याळ बघितलं होतं, पस्तीस मिनिटं गेली. बाबांनी तीनदा "सोनू, इकडे बघ, गाडी!" केलं. तिसऱ्यांदा मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

करायचं म्हणजे एवढंच. दोन हात अंतरावर बसायचं. "बघ बघ, काऊ बघ, हे बघ" बंद. त्याने आपणहून वर बघितलं आणि काही दाखवलं तर त्या वस्तूचं नाव सांगायचं. "हो, पान. ओलं झालं." पुढचं व्याख्यान नको. चाळणीतून माती, मगातून मगात पाणी, गुलमोहराच्या वाळक्या शेंगेचा खुळखुळा, पायरी चढणं आणि उतरणं आणि परत चढणं. पायरीवर हात धरायचा नाही, मागे उभं राहायचं.

सुट्टीत मावस-आत्ये भावंडं जमतात आणि सगळ्यांची अपेक्षा असते की ही दोन वर्षांची दोघं मिळून खेळतील. नाही खेळत. या वयात मुलं शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात, ते तसंच असतं. "दादाला दे बघू" म्हणून मग काढून घ्यायचा नाही. म्हणूनच दोन मग न्यायचे.

तोंडात काय जातं ते मात्र बघायला हवं. माती गेली तर तोंड पुसा, आकाशपाताळ एक करू नका. पण कण्हेर आणि बिट्टी ओळखून ठेवा. बिट्टीच्या बियांनी आम्ही लहानपणी अंगणात खेळलोय, आणि तीच बी पोटात गेली तर जिवावर बेतते. बागांच्या कुंपणाला दोन्ही सर्रास लावलेली असतात. पिवळं घंटेसारखं फूल आणि हिरवं तिकोनी फळ दिसलं की सतरंजी उचला आणि दुसरीकडे टाका. बी तोंडात गेल्याचा नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठा, उलटी काढायला बसू नका.

घसरगुंडीला आधी आपल्या हाताची उलटी बाजू लावायची. आपल्याला चटका बसला की त्याला बसणारच, मग ती पत्र्याची असो की प्लास्टिकची. आणि मांडीवर घेऊन घसरायचं नाही. हे मी माझ्याच लेकीवर शिकले. ती दोन वर्षांची असताना एकटी घाबरेल म्हणून तिला मांडीवर घेतलं. खाली येताना तिच्या बुटाचा तळ कडेला घासला, पाय तिथेच अडकला आणि माझं वजन मागून येतच राहिलं. नडगीचं हाड मोडलं. एकटी घसरली असती तर पाय अडकून नुसती थांबली असती, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. उरलेला मे महिना प्लास्टर आणि मी.

राखण कोणाची

मोठी माणसं जितकी जास्त, तितकं पोर जास्त मोकाट. खोटं वाटेल, पण एका घरगुती सहलीत सात मोठी माणसं सतरंजीवर होती, भेळ कालवणं चाललं होतं, आणि दोन वर्षांची मुलगी फाटकातून बाहेर पडून रस्त्याच्या कडेला उभी होती. एका नारळवाल्याने तिला उचलून आत आणलं. सातही जणांना वाटत होतं की दुसऱ्याचं लक्ष आहे. त्या सातांत मी होते.

तेव्हापासून माझ्याकडे पाळी असते. अर्धा तास एकाचा, पुढचा अर्धा दुसऱ्याचा. पाळी बदलताना तोंडाने म्हणायचं, "आता तुझ्याकडे," आणि समोरच्याने "हो, माझ्याकडे" म्हणायचं. ज्याची पाळी, त्याचा फोन पिशवीत. ज्याची नाही, त्याने खुशाल पाठ करून बसावं, पेपर वाचावा. माहेरी आलेल्या लेकीला हा अर्धा तास मिळाला नाही तर सुट्टी कसली? तलावाच्या काठावर मात्र राखणदाराने हातभर अंतरावरच राहायचं, कठडा असला तरी. बुडायला तलाव लागतोच असं नाही, या वयाला वीतभर पाणी पुरतं. घरी आणल्यावर मोरीतल्या बादलीलाही हेच लागू.

खाऊ

घरून निघताना अर्धं पोट भरलेलं असावं, म्हणजे दूध किंवा केळं. मग आठच्या सुमाराला डबा. दशमी, मऊ धिरडं, काकडीचे लांब तुकडे साल काढून, चिकू. दूध बाटलीत भरून उन्हात नेऊ नका, आपल्या हवेत दोन तासांत त्याचा भरवसा राहत नाही. दहीभाताचंही तेच. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न चार वर्षांखाली नाहीच, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करून. आणि भरवताना पोर बसलेलं हवं. मागे मागे धावत काऊचा घास भरवणाऱ्या आज्या मला माहीत आहेत, मी त्यांतलीच होते, पण धावत्या तोंडात घास देणं सोडा.

पाणी घोट घोट, दर वीस मिनिटांनी, त्याने मागायची वाट न बघता. चार-पाच तास नॅपी कोरडी, ओठ सुकलेले, किंवा एरवी दंगा करणारं पोर एकदम मलूल होऊन मांडीत पडलं, तर खेळ आटपा. सावली, सैल कपडे, ओल्या पंचाने पुसणं, पाणी. ओआरएसचं 1 लिटरचं पाकीट 1 लिटर पाण्यातच कालवायचं, अंदाजाने चिमूट ग्लासात टाकायची नाही. अंग तापलेलं, उलट्या, गुंगी असं काही दिसलं की थेट डॉक्टर.

निघताना

रडारड होते ती इथे. "पाच मिनिटांत निघायचं" हे दोन वर्षांच्या पोराला कळत नाही, पाच कळत नाहीत आणि मिनिटंही. त्याला मोजता येईल असं सांगा. "अजून तीनदा घसरगुंडी." आणि खरंच तीनदा. चौथ्यांदा दिलीत की पुढच्या वेळी तुमच्या तीनला किंमत नाही. मग त्याला काम द्या. मग आणि वाटी पिशवीत तोच भरणार, सतरंजीचं एक टोक तोच धरणार, झाडाला टाटा तोच करणार. तरी रडला तर रडू दे, उचला आणि रिक्षात बसा. रिक्षात त्याला आतल्या बाजूला घ्या आणि हातात मोबाइल देऊ नका, खिशातला खडा पुरतो.

दुपारी चारनंतरचं काही ठरवू नका. झोपून उठल्यावर ओटा, गच्ची किंवा जिन्याखालची मोकळी जागा बास. रंगाचा जुना ब्रश आणि पाण्याची वाटी दिली की पोर भिंत रंगवत बसतं. भिंत ओली होते, वाळते, परत रंगवतं. पैसे शून्य. पाहुण्यांना हौस असेल तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून ऐरोलीपर्यंत जाऊन या, पाच वर्षांखाली तिकीट नाही आणि या वयाला गाडी हीच मोठी बाग. फक्त रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद आहेत का, ते बघून.

गणपतीच्या सुट्टीत आलात तर पाऊस असणारच. भिजू द्या की, दहा मिनिटं, गच्चीवर, मग लगेच कोरडं करून गरम वरणभात. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात मात्र पाय घालू देऊ नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप त्यातूनच येतो, आणि पायाला खरचटलेलं असेल तर अजिबात नाही.

आणि दुसऱ्या दिवशी कुठे, असं विचाराल तर तिथेच. तो नागपूरचा पाहुणा आठ दिवस होता, आम्ही पाच सकाळी त्याच झाडाखाली गेलो. तिसऱ्या दिवशी रिक्षातून उतरल्या उतरल्या तो पाइपाकडे गेला, पाइप कोरडा होता. माझ्याकडे वळून मग पुढे केला. पाण्याची बाटली मी त्या दिवसापासून दोन लिटरची नेते.